यशवंता, तेल कुठून येत होते ते सापडले

यशवंता,

तुझ्या गाडीतले तेल कुठून येत होते, ते काल सापडले. ही बातमी सर्वांत आधी तुलाच द्यायची, हे मनाने इतके गृहीत धरले होते की हात पुसून मी खिशातला फोन काढला आणि तुझे नाव शोधू लागलो. 'यशवंत, मुलुंड' असे ते अजून आहे. दुसऱ्या कोणत्याही यशवंताला मी ओळखत नव्हतो, तरी नावापुढे गाव लिहिले होते, हजेरीपटाची सवय. बोट नावावर टेकले आणि थांबले. कुंदावहिनी समोरच उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

म्हणून लिहितो आहे. फोनवर सांगितले असते ते इथे क्रमाने सांगतो. थोडे लांबेल. 'मास्तर, मुद्द्यावर ये ना' असे मधेच म्हणणारे आता कुणी उरलेले नाही.

तू निवृत्त झालास आणि ती क्रूझर मोटरसायकल घेऊन आलास, तो दिवस आपल्या इमारतीत पुष्कळांना आठवत असेल. लांबलचक, बुटकी, रुंद हँडलची, पाय पुढे सोडून बसायची गाडी. टेलिफोन खात्यात आयुष्यभर खांबांवर चढलेला माणूस आता जमिनीपासून हातभर उंचीवर रेलून बसणार होता. मी शेजारच्या दारातला विज्ञानाचा शिक्षक, खाली येऊन गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणालो, "आरामखुर्चीला चाकं लावलीयेत."

"बसून तर बघ."

"मला चालवता येत नाही."

"चालवायला कोण सांगतंय? मागे बस. मत द्यायला मागची सीटच बरी असते, मास्तर."

त्या वेळी मी बसलो नाही. बसलो ते पुढे, सुधा गेल्यानंतर. बायको गेलेल्या माणसाला लोक भेटायला येतात, समोर बसतात, चहा घेतात आणि काही दिवसांनी येईनासे होतात. यात त्यांचा दोष नसतो. तू भेटायला आलाच नाहीस. एका रविवारी सकाळी दारात उभा राहिलास, हातात दोन हेल्मेटे. "हे तुझं. डोकं जरा मोठं आहे तुझं, दुकानदाराला सांगून घेतलंय," म्हणालास. सुधाविषयी एक शब्द बोलला नाहीस. ठाणे मागे टाकून गायमुखला खाडीपाशी थांबलो, चहा घेतला आणि परत आलो. येताना तुझ्या पाठीमागे मी रडलो. वाऱ्यामुळे तुला कळले नसेल असे मला वाटते. कळले असेल तर ते तू न दाखवल्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. ते आज मानतो.

त्यानंतर रविवार आपला झाला, आणि त्या रविवारची सुरुवात ठरलेली होती. तुझ्या गाडीला मधले स्टँड नव्हते, फक्त बाजूचे. त्यावर उभी केली की गाडी डाव्या अंगावर कलते. तेल किती आहे ते दाखवणारी छोटी गोल काच मात्र उजव्या बाजूला, खाली. आता हे अगदी सातवीच्या वर्गातले आहे: पेला तिरका केला तरी आतले पाणी तिरके होत नाही, ते आपली पातळी आडवीच राखते आणि पेल्याच्या खालच्या कडेला जमते. गाडी डावीकडे कललेली असेल तर तेल डावीकडे जाणार आणि उजवीकडच्या काचेत कमी दिसणार. असूनही दिसणार नाही. म्हणून पातळी पाहायची तर गाडी सरळ उभी हवी, आणि गाडी सरळ धरून त्याच वेळी खाली वाकून काच पाहणे एका माणसाला जमत नाही.

तर ते काम आपण वाटून घेतले होते. इंजिन थोडा वेळ चालवायचे, बंद करायचे, तेल खाली उतरू द्यायचे. मग मी पुढच्या चाकासमोर उभा राहून, चाक दोन गुडघ्यांत धरून, हँडलची दोन्ही टोके घट्ट पकडून गाडी सरळ करायची आणि तू उकिडवे बसून काचेवर टॉर्च मारायचास.

"सरळ?"

"सरळ."

"मास्तर, श्वास नको घेऊस. तेल हलतं."

दर रविवारी हेच. पहिल्यांदा मी खरेच श्वास रोखला होता आणि तू खाली बसल्या बसल्या इतका हसलास की आधाराला गाडीला हात लावावा लागला. पुढे मीही नाटक म्हणून गाल फुगवून उभा राहू लागलो. इमारतीतली माणसे दूध घेऊन येता-जाता पाहत. दोन निवृत्त गृहस्थ. एक गाडीसमोर गाल फुगवून उभा, दुसरा जमिनीवर.

मग मुलाने बोरिवलीला मोठी जागा घेतली आणि मला तिकडे नेले. योग्यच केले, गुडघ्याचे ऑपरेशन व्हायचे होते, एकट्याने राहणे शहाणपणाचे नव्हते. नकाशावर पाहिले तर मुलुंड आणि बोरिवली एकमेकांना पाठ लावून बसलेली आहेत. मधे फक्त एक आख्खे जंगल आहे. पक्षी असतो तर प्रश्न नव्हता. माणसाला मात्र ठाण्याला जाऊन, घोडबंदरचा रस्ता धरून, दहिसरकडून उतरावे लागते. तू म्हणालास, "त्यात काय? जंगलाला वळसा घालून येतो. तुला घेतो, तिकडेच कुठेतरी चहा." आणि आलास. मेट्रोच्या कामाची धूळ खात, अंगभर राखाडी होऊन तू खाली उभा असायचास आणि आमच्या नव्या इमारतीचा वॉचमन तुला पाहुण्यांच्या वहीत दर वेळी नव्याने नाव लिहायला लावायचा. "तुझ्या सोसायटीत शिरण्यापेक्षा जंगलातून आलो असतो तर बरं. बिबट्या निदान नाव विचारत नाही," हे तुझे वाक्य मी घरात अजून सांगतो.

काही महिने असे गेले. मग तेल सुरू झाले.

पहिल्यांदा तू ते हसत सांगितलेस. परत गेल्यावर गाडीखाली थेंब दिसले, एवढेच. मग फोनवर आपला तो वाद सुरू झाला, जो कधी संपलाच नाही.

"मास्तर, खालच्या बोल्टचं वॉशर बदललं."

"आधी पुसलंस का?"

"अरे, वॉशर बदललं म्हणतोय ना मी!"

"यशवंता, तेल खाली दिसतं म्हणजे खालूनच निघतं असं नाही. ते उतरतं. वरून निघतं, कडेकडेने येतं, वाऱ्याने मागे सरकतं आणि शेवटी सगळ्यांत खालच्या बोल्टला लोंबतं. त्या बोल्टचा काही अपराध नसतो."

"शेवटच्या बाकावरचाच पोरगा अपराधी, असं तुम्ही मास्तर लोकच समजता."

"मी असं कधीही म्हटलेलं नाही."

"काहून? तोंडावर तर लिहिलेलं असायचं." मला चिडवायचे असले की तुझ्या तोंडी तुझे अकोला यायचे.

वॉशरनंतर तू बाजूच्या झाकणाचे गॅस्केट बदलून घेतलेस. मग बोल्ट जास्त आवळलेस, ज्याला माझा सक्त विरोध होता; अॅल्युमिनियमला जोर दाखवायचा नसतो. माझे म्हणणे एकच होते. आधी सगळे इंजिन धुऊन कोरडे करायचे. कोरड्या इंजिनावर टाल्कम पावडरचा पातळ थर मारायचा. थोडे चालवायचे. मग पावडर जिथे पहिल्यांदा भिजेल, सगळ्यांत वर आणि सगळ्यांत पुढे जी ओली जागा दिसेल, तिथे दोष. त्याच्या खालचे आणि मागचे सगळे त्याचे परिणाम. "पुसल्याशिवाय शोधायचं नाही," हे मी तुला इतक्यांदा म्हटले असेल की शेवटी तू फोन उचलल्या उचलल्या 'पुसलं नाही' असे म्हणून मोकळा व्हायचास.

"गाडी आहे मास्तर, फळा नाही," हे तुझे उत्तर. त्यानंतर एकदा गॅरेजमध्ये गेलास. गळतंय म्हणून सांगितल्यावर, इंजिन खोलून बघावे लागेल असे त्यांनी म्हटले. तेव्हापासून तुझा आवाज बदलला.

"तेल फार जातंय रे. चढावर मधेच बंद पडली तर काय करू?"

"मग नको येऊस. दुरुस्त झाली की ये."

"हं."

त्या 'हं' वर मी नंतर पुष्कळ विचार केला. रविवार यायचा, फोन यायचा, गाडी यायची नाही. प्रत्येक वेळी कारण तेच. तेल. मी शिक्षक आहे. पोट दुखतंय म्हणणाऱ्या मुलांबरोबर आयुष्य काढले आहे. पोटदुखी खरी असते किंवा नसते, बाहेरून तपासता येत नाही. विश्वास ठेवावा लागतो. आणि तरी विश्वास ठेवताना मनाचा एक कोपरा सवयीने विचारतोच: आज कोणता तास आहे? याला कोणता तास चुकवायचा आहे?

तुला मी चुकवायचा झालो होतो का, हा प्रश्न, यशवंता, मी बोरिवलीच्या गॅलरीत बसून कितीतरी रविवार सोडवत बसलो. तसे वाटायला जागा होती. गुडघ्यामुळे मी मागच्या सीटवर नीट बसू शकत नव्हतो. बोलणेही तेच तेच झाले होते. म्हाताऱ्या, उपदेश करणाऱ्या मित्रासाठी कुणी दर आठवड्याला जंगलाला वळसा का घालावा? ज्याला मित्राला दुखवायचे नाही असा सज्जन माणूस काय म्हणेल? गाडी बिघडली आहे, असे म्हणेल. तू सज्जन होतास, हीच मोठी अडचण होती.

तू 'ये' म्हणाला नाहीस. मी 'येऊ का' असे विचारले नाही. दोघांनाही दुसऱ्याच्या गुडघ्याची, रस्त्याची, वेळेची काळजी. अशा काळजीने माणसे किती दूर जाऊ शकतात हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही.

आणि मग तू अचानक गेलास. त्याविषयी मी इथे लिहीत नाही. तुला ते माहीत आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मुलुंडला आलो होतो. हॉल भरलेला होता. टेलिफोन खात्यातली माणसे तुझ्याबद्दल चांगले बोलली. मला बोलायला सांगितले तेव्हा मी नाही म्हणालो. ज्याच्या मनात मृताविषयी एक न सुटलेला प्रश्न आहे, त्याने चार लोकांत बोलू नये. खाली उतरताना पार्किंगच्या कोपऱ्यात तुझी गाडी दिसली, कव्हर घातलेली. सोसायटीने तिथे नव्या फरशा बसवल्या आहेत, त्या वेळी ती तिकडे सरकवली होती म्हणे. फरशी पांढरी, स्वच्छ. एक डागही नाही. मी वाकून पाहिले. तू हसला असतास.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ही आता देऊन टाकते. इंजिन गेलंय तिचं. एक जण सुट्या भागांसाठी न्यायला तयार आहे."

"मला एक दिवस द्या," मी म्हणालो.

"कशाला?"

"पुसायची आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. "पुसा," म्हणाल्या.

मला खरे कारण त्यांना सांगता आले नाही. गाडीत दोष होता की नव्हता, एवढेच मला पाहायचे होते. दोष असेल तर तू खरोखर येऊ शकत नव्हतास. दोष नसेल तर तू येत नव्हतास. शेजारी ठेवली तर ही दोन वाक्ये जवळजवळ सारखी दिसतात.

काल सकाळी बसने आलो. बरोबर ब्रश, थोडे डिझेल, मऊ कापड, हाताची साधी हत्यारे आणि शाळेच्या दिवसांतला एक पांढरा कार्डशीट. पावडर विसरलो. वहिनींनी घरातून तुझा डबा आणून दिला. मी इंजिन धुतले, फटींतली माती काढली, वारा लागू दिला, आणि तुझी पावडर त्या सगळ्या सांध्यांवर, बोल्टांवर, झाकणांच्या कडांवर हलक्या हाताने मारली. पार्किंगमध्ये तुझ्या आंघोळीनंतरचा वास पसरला. मी जरा वेळ थांबलो. मग कार्डशीट गाडीखाली सरकवला आणि बटण दाबले. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली नाही. दुसऱ्या वेळी झाली.

तिचा तो संथ, मोजका आवाज. मी स्टूलवर बसून ऐकत होतो आणि पाहत होतो. तुझ्यावर लादलेली माझी पद्धत आता मी तुझ्याविना राबवत होतो. खालचा बोल्ट कोरडा. बाजूचे झाकण कोरडे. वरच्या सांध्यावर पावडर जशीच्या तशी. कार्डशीट पांढरा. इंजिन तापले, आणखी तापले, काही नाही. मी इंजिन बंद केले, वाकून टॉर्च मारला, पुन्हा सुरू केले. कोरडे.

खरे सांगतो, त्या क्षणी मला तुझा राग आला नाही. मला फक्त खूप थकवा आला. इतके सगळे बोल्ट आणि सगळे निर्दोष. मी बसून राहिलो. इंजिन चालूच होते, ते बंद करायचेही सुचले नाही.

वहिनी चहा घेऊन खाली आल्या. "सापडलं का?"

"काहीच नाही वहिनी. सगळं कोरडं आहे."

"कसं कोरडं असेल? रोज फरशी पुसत होते मी जुनी. आणि हे रोज बाटली घेऊन ओतायचे."

"ओतायचे? काय?"

"तेल. तुमच्याकडे निघायच्या आधी तर नक्कीच. मी म्हणायचे, किती पितेय ही! तर म्हणायचे, वाटेत कमी पडलं तर मास्तर दिवसभर गॅलरीत बसून राहील."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्याच वेळी कार्डशीटवर एक थेंब पडला. इंजिनाखाली नव्हे; मागे, सीटच्या खालच्या बाजूला. तिथे एक बारीक रबरी नळी लोंबते, तिच्या टोकातून. नळी कुठून येते ते मी बोटाने वर वर शोधत गेलो आणि एअर फिल्टरच्या पेटीपाशी पोहोचलो. इंजिन बंद केले. पेटीचे झाकण काढले. आतला फिल्टर तेलाने चिंब होता.

आता इथे तू मला थांबवू नकोस, कारण हा भाग मला नीट सांगायचा आहे. इंजिनाला श्वासासाठी एक पाइप असतो. आतली वाफ त्यातून फिल्टरच्या पेटीत जाते. तेल योग्य असेल तर त्यातून वाफच जाते. तेल फार भरले तर फिरणारे भाग ते घुसळतात आणि वाफेबरोबर तेलही बाहेर फेकले जाते. पेटीत साठते आणि नळीतून ठिबकते. कोणताही सांधा फुटलेला नसतो. गॅस्केट चांगले असते. वॉशर चांगले असते. गाडी आपल्याला पेलत नाही तेवढे फक्त बाहेर टाकत असते.

पण तू इतका नेमका माणूस. जास्त कसे ओतशील?

"वहिनी, तेल किती आहे ते कसं बघायचा तो?"

त्यांनी करून दाखवले. पदर खोचून, गाडीच्या उजव्या बाजूला उकिडव्या बसल्या, मान वाकडी केली आणि काचेकडे बोट दाखवले. "असे बसायचे. टॉर्च घेऊन."

"आणि गाडी?"

"गाडी अशीच. स्टँडवर."

"स्टँडवर नसतं बघायचं. सरळ धरायला लागतं कुणीतरी."

"ते मलाही माहितेय," वहिनी म्हणाल्या. त्या अजून खालीच बसल्या होत्या. "मी म्हटलं होतं यांना, मी धरते. एकदा नाही, चार वेळा म्हटलं. तर नाहीच. म्हणाले, ती जागा मास्तरची आहे. तो आला की धरेल. तोपर्यंत अंदाजाने चालवतो."

यशवंता, एवढे एक वाक्य तू मला फोनवर म्हणाला असतास तर! पण तू म्हणाला नसतास, आणि मीही ऐकून घेतले नसते. मी तुला पेल्यातल्या पाण्याचा नियम सांगितला असता आणि वहिनींकडून गाडी धरून घे असे बजावले असते. तू 'हं' म्हणाला असतास.

तर असे झाले होते. कललेल्या गाडीच्या काचेत तुला तेल कमी दिसायचे. तुला वाटायचे, गळून गेले. माझ्याकडे यायचे म्हणून तू आणखी ओतायचास. जास्त झालेले ठिबकायचे. ते पाहून आणखी गळतेय असे वाटायचे, आणि आणखी ओतायचास. माझ्यापर्यंत नक्की पोहोचता यावे म्हणून घेतलेल्या काळजीनेच तुझे येणे थांबवले. सगळ्यांत वरची, सगळ्यांत पुढची ओली जागा कुठली, हे मी तुला शिकवत होतो. ती मुलुंडच्या पार्किंगमध्ये पुढच्या चाकासमोर होती, जिथे कुणी उभे नव्हते.

"आता मी धरते," वहिनी म्हणाल्या.

मी नको म्हणणार होतो. गाडी जड आहे. पण त्या पुढच्या चाकासमोर जाऊन उभ्याही राहिल्या होत्या. कुठे पकडायचे ते दाखवले. त्यांनी गाडी सरळ केली. मी गुडघ्याला सांभाळत खाली बसलो आणि काचेवर प्रकाश टाकला. तेलाची रेषाच दिसेना. सगळी काच वरपर्यंत भरलेली होती.

जे जास्त होते ते काढायला वेळ लागला. औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणि बारीक नळी आणली, तेल भरण्याच्या तोंडातून थोडे थोडे ओढून घेतले. वहिनींनी लोणच्याची रिकामी बरणी दिली. तेल अजून बऱ्यापैकी स्वच्छ होते, मधासारखे. फार चाललेलेच नव्हते. बरणी भरत गेली तशा वहिनी म्हणाल्या, "म्हणजे इंजिन खोलायचं नाही?"

"नाही."

"काहीच झालेलं नाही तिला?"

"काही नाही. फिल्टर नवा घालायचा."

मग फोन काढून त्यांनी त्या सुट्या भागवाल्याला सांगितले की गाडी विकायची नाही. त्याने काहीतरी विचारले असावे. "चालू आहे म्हणून," एवढेच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. अकोल्याहून तुझी पुतणी पुढच्या महिन्यात नोकरीसाठी येते आहे, तिला चालवता येते म्हणे. ती तुझ्यासारखी रेलून बसेल की ताठ, ते मला माहीत नाही. रविवारी ती जंगलाला वळसा घालून कुणाकडे जाईल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. गॅलरीत खुर्ची आहे, तिथे मी असेन. फक्त आता तिथे बसून सोडवायला ते गणित उरलेले नाही. त्याची जागा रिकामी आहे आणि ती बराच काळ रिकामी राहील, हे मला कळते. तरी ते गणित होते त्यापेक्षा हे बरे.

तू येत होतास. शेवटपर्यंत निघण्याच्या तयारीत होतास.

आता शेवटचे. बरणी बाजूला ठेवली, इंजिन थोडे चालवून बंद केले, तेल खाली उतरू दिले. वहिनी पुन्हा पुढच्या चाकासमोर गेल्या, चाक गुडघ्यांत धरले, हँडल पकडले, गाडी उभी केली. मी खाली बसलो. टॉर्च मारला. काचेत वरच्या आणि खालच्या खुणेच्या मधोमध एक बारीक, आडवी रेषा होती.

"सरळ?" मी विचारले.

उत्तर आले नाही.

"वहिनी, सरळ आहे ना?"

तरी नाही. मी मान वर करून पाहिले. कुंदावहिनी हँडल घट्ट धरून, ओठ मिटून, गाल फुगवून उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी होते आणि त्या हलत नव्हत्या. पहिल्या वेळीही त्या अशाच उभ्या असणार. मी तेव्हा काचेकडे पाहत होतो. तू घरी जाऊन त्यांना दर रविवारचे सगळे सांगत होतास, आणि तेल पाहताना हे असे करायचेच असते अशी त्यांची समजूत होती.

मी टॉर्च बंद केला.

"पातळी बरोबर आहे," मी म्हणालो. "आता श्वास घ्या, वहिनी."